नदीच्या दरडीतला पूर्वज



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी किमान वेतनावर किंवा हमालांच्या प्रश्नांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर मी वर्षभर मोंढ्यात, वीटभट्ट्यांवर आणि कचेऱ्यांच्या ओसऱ्यांवर बोलतच असतो. आज मी निराळा विषय घेतला आहे. माणसाच्या अतिप्राचीन पूर्वजांची जी हाडे दगड होऊन राहिली आहेत ती, आणि ते पूर्वज ज्या रानात व ज्या हवामानात जगले ते रान, हा माझा विषय आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि रात्रीच्या दिव्याखाली. तेव्हा एखाद्या प्राध्यापकाच्या अधिकाराने मी बोलत नाही. परंतु या विषयाशी कामगाराचा संबंध फार जवळचा आहे. ज्या हाडांवर जगातल्या मोठमोठ्या विद्वानांनी ग्रंथ लिहिले, त्यांतली पुष्कळ हाडे पहिल्यांदा उजेडात आणली ती टिकाव-फावडे चालवणाऱ्या माणसांनी. तो हिशेब मला आज आपल्यापुढे मांडायचा आहे, आणि शेवटी आपल्या नद्यांविषयी एक मागणी करायची आहे.

प्रथम काळाचे माप ठरवून घेऊ. लाखो वर्षे म्हटले की आपली बुद्धी गोंधळून जाते. समजा, आपण या सभागृहातून बाहेर पडून औंढा नागनाथच्या रस्त्याने चालू लागलो, आणि प्रत्येक पावलाला शंभर वर्षे मागे गेलो. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक साडेतीन पावलांवर लागेल. पैठणचे सातवाहन वीस पावलांवर आणि गौतम बुद्ध पंचवीस पावलांवर भेटतील. म्हणजे ज्याला आपण इतिहास म्हणतो तो सगळा या मंडपाच्या दारातच संपतो. आपल्यासारख्या हाडापेराची माणसे ३ लाख वर्षांपूर्वीपर्यंत सापडतात. ती झाली ३ हजार पावले. आणि इथिओपियात १९७४ साली जिचा सांगाडा सापडला, जिला संशोधकांनी लुसी असे नाव दिले, ती सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची. तिला भेटायला ३२ हजार पावले चालावे लागेल. म्हणजे आपण जवळजवळ औंढ्याला पोहोचू. हे माप मनात ठेवा, म्हणजे पुढचे आकडे जड जाणार नाहीत.

आता एक गैरसमज आरंभीच दूर करतो. "माकडापासून माणूस झाला" असे शास्त्र सांगते, अशी एक समजूत आहे. शास्त्र तसे सांगत नाही. आज झाडावर दिसणारे माकड आपले आजोबा नव्हे. ते आपले फार लांबचे चुलत भावंड आहे. भाऊबंदकीतल्या दोन घरांचा मूळ पुरुष एक असतो, पण म्हणून एक घर दुसऱ्या घराचे बाप होत नाही. चिंपांझी आणि आपण यांचा मूळ पुरुष एक होता, आणि साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत ही दोन घरे वेगळी झाली असे मानतात.

वेगळी झाली तेव्हा प्रथम काय बदलले? पूर्वीच्या पंडितांना वाटे की आधी मेंदू वाढला असणार. माणूस म्हणजे बुद्धी, असा त्यांचा अभिमान. हाडांनी निकाल उलटा दिला. लुसीच्या जातीचा मेंदू सुमारे ४०० घनसेंटिमीटर, म्हणजे चिंपांझीएवढाच. आपला सरासरी १३५०. पण तिचे कमरेचे हाड, मांडीचे हाड, गुडघा हे सारे दोन पायांवर चालणाऱ्याचे. टांझानियात लेटोली येथे १९७८ साली पावलांचे ठसेच सापडले. ज्वालामुखीची राख पडलेली, त्यावर पाऊस झालेला, आणि त्या ओल्या राखेवरून कोणी चालत गेलेले. पहिल्या पावसानंतर आपल्या काळ्या रानातून चालत गेल्यावर जसा पाय उमटतो, तसा तो उमटला आहे; टाच, तळव्याची कमान, अंगठा, सगळे माणसासारखे. ते ठसे सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. दगडाची सर्वांत जुनी हत्यारे केनियात लोमेक्वी येथे मिळाली, ती ३३ लाख वर्षांपूर्वीची. तेव्हा क्रम असा लागतो: आधी पाय जमिनीवर स्थिर झाले, त्यामुळे हात मोकळे झाले, मोकळे हात कामाला लागले, आणि डोके त्यानंतर पुष्कळ काळाने मोठे झाले.

फ्रेडरिक एंगल्सने १८७६ साली एका निबंधात असेच मांडले होते की, हात आधी मोकळा झाला आणि श्रमाने माणूस घडला. त्या वेळी आफ्रिकेतले एकही असे हाड कोणाच्या हाती नव्हते. कष्टाने कमावलेले गुण जसेच्या तसे मुलाबाळांत उतरतात ही त्याची कल्पना पुढे टिकली नाही, हेही सांगितले पाहिजे. हमालाच्या मुलाच्या खांद्यावर जन्मतःच घट्टा नसतो. पण हात आधी आणि मोठे डोके मागून, हा क्रम मात्र हाडांनी खरा ठरवला.

हवामानाविषयीही अशीच दुरुस्ती झाली. जुन्या पुस्तकांत सोपी गोष्ट असे: आफ्रिकेतली जंगले आटली, गवताचे माळ पसरले, म्हणून झाडावरचा प्राणी खाली उतरला आणि गवतावरून दूरचे पाहण्यासाठी उभा राहिला. २००९ साली इथिओपियातल्या ४४ लाख वर्षांपूर्वीच्या आर्डिपिथेकस नावाच्या प्राण्याचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध झाला. तो जमिनीवर दोन पायांनी चाले, पण त्याच्या पायाचा अंगठा फांदी पकडण्याजोगा होता, आणि त्याच्याबरोबर सापडलेले प्राणी व वनस्पती झाडीतल्या होत्या. म्हणजे उभे राहणे झाडीतच सुरू झाले होते. गवताळ माळाने त्याला पुढची दिशा दिली. एक हाड सापडले की शंभर पानांचे पुस्तक बदलावे लागते, हे या शास्त्राचे वैशिष्ट्य आहे, आणि तेच त्याचे मोठेपण आहे.

आपल्या देशातलेच उदाहरण घ्या. हिमाचल प्रदेशात हरितल्यांगर येथे १९३२ साली लुइस नावाच्या तरुण संशोधकाला एक जबडा सापडला. त्याला त्याने रामापिथेकस असे नाव दिले. १९६० नंतरच्या दशकात हाच माणसाचा आद्य पूर्वज असे जगभर शिकवले जाई, आणि आपल्याकडे साहजिकच त्याचा अभिमान वाटे. पुढे पाकिस्तानात अधिक पूर्ण अवशेष मिळाले, रक्तातल्या घटकांच्या तुलनेवरूनही हिशेब जुळेना, आणि हा प्राणी ओरांगउटानच्या शाखेतला आहे हे ठरले. मान भारताचा गेला म्हणून कोणी पुरावा दडवला नाही. देशाभिमानापेक्षा पुराव्याला मोठे मानणे हा धडा त्या जबड्यापासून घेण्यासारखा आहे.

आता आपण घरी येऊ. आपल्या पायाखाली काय आहे? विहीर खणणाऱ्याला विचारा. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा फत्तर. हा फत्तर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हा. त्या काळी पृथ्वीवर माणूस नव्हता, त्याचा पूर्वजही नव्हता. म्हणून या खडकात कितीही खोल गेलात तरी माणसाचे हाड मिळणार नाही. मग ते मिळणार कोठे? ते नदीकाठी मिळेल. नदीने लाखो वर्षांत आणून टाकलेली खडी, वाळू आणि गाळ यांचे थर तिच्या उंच दरडीत एकावर एक रचलेले दिसतात. त्यांतली सर्वांत खालची खडी चुन्याने बांधली जाऊन सिमेंटसारखी घट्ट झालेली असते. जनावर मेले, त्यावर गाळ लवकर बसला, पाण्यातली खनिजे हाडात मुरली, की हाडाचा दगड होतो. चुनखडीच्या गुहा आपल्याकडे नाहीत. म्हणून आपल्या मुलखाचे जुने दप्तर म्हणजे नदीची दरड, आणि दुसरे दप्तर जवळजवळ नाहीच.

हे दप्तर आपल्याकडे फार लवकर उघडले गेले. १८६५ साली भूगर्भशास्त्र खात्याचे वाइन यांना पैठणजवळ मुंगी येथे, गोदावरीच्या ज्या खडीत प्राचीन जनावरांची हाडे मिळत तिच्यात, अकीकाचा एक घडवलेला टवका मिळाला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८६३ मध्ये, रॉबर्ट ब्रूस फूट यांनी मद्रासजवळ पल्लावरम येथे पहिली हातकुऱ्हाड उचलली होती. म्हणजे भारतात माणूस किती जुना, या शोधाच्या आरंभीच आपली गोदावरी आली. आणि लक्षात ठेवा, आपल्या जिल्ह्यातले सगळे पाणी शेवटी गोदावरीलाच जाते. पूर्णा सरळ जाते. कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, आणि वर्धा प्राणहितेच्या नावाने गोदावरीला.

पुढे डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया यांनी महाराष्ट्रातल्या नद्यांचे काठ पायी तुडवले. प्रवरेकाठच्या नेवाशाला १९५४ पासून त्यांनी उत्खनन केले, आणि त्या परिसरातली दगडी हत्यारे इतकी महत्त्वाची ठरली की एका हत्यारपद्धतीला नेवाशाचे नाव मिळाले. जवळच चिरकी येथे गुड्रुन कॉर्व्हिनस या जर्मन विदुषीने १९६६ ते १९६९ या काळात खणून हातकुऱ्हाडी आणि फरश्या मोठ्या संख्येने बाहेर काढल्या. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवर बोरी गाव आहे. तिथल्या दरडीत ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि त्याच्या जोडीने दगडी हत्यारे मिळाली. आपल्याकडचे ज्वालामुखी तर कोट्यवधी वर्षांपूर्वी विझलेले. मग ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून वाऱ्याने आली असे अनुमान निघाले. ती कोणत्या स्फोटाची, यावर मात्र कडाक्याचा वाद झाला. कोणी १४ लाख वर्षे म्हणाले, कोणी पावणेसात लाख, कोणी अवघी ७५ हजार. एकाच राखेच्या थरावर शास्त्रज्ञ एवढे भांडतात याचे नवल वाटून घेऊ नका. जमिनीच्या मोजणीत दोन भाऊ वितीवरून भांडतात. इथे तर लाख वर्षांचा बांध आहे.

मला स्वतःला सर्वांत जवळचे वाटते ते इसामपूर. आज कर्नाटकात यादगीर जिल्ह्यात असलेले हे गाव १९५६ पूर्वी आपल्याचबरोबर हैदराबाद राज्यात होते. तिथे डेक्कन कॉलेजचे प्रा. पद्दय्या यांनी उत्खनन केले. त्यांना जे सापडले त्याला कारखाना हाच शब्द शोभतो. चुनखडकाच्या लाद्या जमिनीतून सुट्या होऊन वर आलेल्या. त्या निवडायच्या, कडक दगडाच्या हातोड्याने फोडायच्या, कडा काढायच्या आणि हत्यार पुरे करायचे. अर्धवट घडवलेले नग, बिघडलेले नग, टवक्यांचे ढीग, हातोड्याचे दगड, सगळे जागच्या जागी. तिथल्या जनावरांच्या दातांच्या परीक्षणावरून त्याचा काळ सुमारे १२ लाख वर्षे निघतो. म्हणजे आपल्या औंढ्याच्या रस्त्यावर १२ हजार पावलांवर, लिंबाळ्याच्याही पुढे, एक दगडफोडीचे केंद्र चालू होते! आमच्या वडार बांधवांपैकी कोणाच्या हाती ती हातकुऱ्हाड दिली तर तो लगेच सांगेल की पहिला घाव कोठे बसला आणि दगड कोणत्या अंगाने सुटला. त्या कामात बेत होता, डोळ्यांचा अंदाज होता, आणि बहुधा थोरांनी पोरांना शिकवणे होते. शिकवल्याशिवाय हाताला ते वळण बसत नाही.

हत्यारे हजारोंनी मिळतात. हाडे मात्र दुर्मिळ. दगड नदीत गडगडला तरी दगडच राहतो, हाडाचा चुरा होतो. त्या काळची माणसे प्रेत पुरतही नसत. साऱ्या भारतात या जुन्या माणसाची कवटी मिळाली ती एक, आणि तीही अर्धी. ५ डिसेंबर १९८२ रोजी भूगर्भशास्त्र खात्याचे अरुण सोनकिया यांना मध्यप्रदेशात होशंगाबादजवळ, नर्मदेकाठच्या हथनोरा गावी, खडीच्या थरात ती दिसली. चेहरा नाही, जबडा नाही. केवळ डोक्याच्या उजव्या बाजूची करवंटी. पण भुवईवरचे जाड हाड आणि कवटीची भक्कम भिंत पाहताच हा आपल्यासारखा माणूस नव्हे हे कळले. प्रथम त्याला जावा-मानवाच्या जातीत बसवले; नंतरच्या अभ्यासकांना तो आपल्या अधिक जवळचा, आद्य प्रज्ञ मानवापैकी वाटला. त्याच्या सोबतीला हत्ती, पाणघोडा, रानबैल यांची हाडे होती, आणि हातकुऱ्हाडीही होत्या.

या जनावरांवरून त्या वेळचे रान वाचता येते. पाणघोडा घ्या. गोदावरीच्या खोऱ्यातल्या जुन्या थरांतही त्याची हाडे मिळाली आहेत. हा प्राणी दिवसभर पाण्यात बसणारा. म्हणजे चैत्र-वैशाखातही जिचे डोह आटत नाहीत अशी नदी होती, आणि काठाला भरपूर गवत होते. हत्ती म्हणजे झाडी आली. रानबैल म्हणजे मोकळा माळ आला. आता दुसरे टोक पाहा. चाळीसगावजवळ पाटणे येथे श्री. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली, एकावर तर माणसाने रेघांची नक्षी कोरलेली आहे. ती सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची. शहामृग हा कोरड्या, उघड्या मुलखातला पक्षी. म्हणजे याच महाराष्ट्रात एके काळी पाणघोडे डुंबत होते आणि एके काळी शहामृग धावत होते! दरडीतली खडीही हेच सांगते. मोठे गोटे म्हणजे जोराचे पूर. बारीक गाळ म्हणजे मंदावलेली नदी. मातीतले चुनखडे म्हणजे पाऊस थोडा आणि ऊन फार. मोसमी पाऊस कधी जोर धरी, कधी वर्षानुवर्षे मान टाकी. दुष्काळ ही आपल्या मुलखाला काल लागलेली पीडा नव्हे. तिच्याशी झुंजतच इथला माणूस टिकला.

आपल्या वायव्येला लोणारचे सरोवर आहे. आकाशातून पडलेल्या अशनीने ते घडवले. पूर्वीच्या मोजणीने त्याचे वय सुमारे ५२ हजार वर्षे येई. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीने सुमारे पावणेसहा लाख वर्षे आले. दोहोंपैकी कोणताही आकडा धरा, त्या वेळी दख्खनच्या पठारावर माणूस वावरत होताच. तो उजेड आणि तो हादरा कोणी तरी सोसला असेल, असे मानायला काही हरकत नाही.

आता मी आरंभी सांगितलेल्या हिशेबाकडे येतो: हे सारे पहिल्यांदा कोणाच्या हाती लागले?

१८५६ साली जर्मनीत नेआंडर नावाच्या खोऱ्यात चुनखडीच्या खाणीवर मजूर गुहा साफ करत होते. गाळात हाडे लागली. ती त्यांनी दगडमातीबरोबर खाली लोटून दिली. खाणमालकांना वाटले अस्वलाची असतील. थोडी हाडे बाजूला ठेवली गेली ती फुलरॉट नावाच्या शाळामास्तराच्या हाती आली, आणि त्याने ओळखले की ही प्राचीन माणसाची आहेत. निअँडरथल मानव जगाला कळला तो असा. बाकीची हाडे राडारोड्यात गेली. तब्बल १४० वर्षांनी, १९९७ साली, दोन संशोधकांनी तो राडारोडा हुडकून काढला, आणि त्यातला एक तुकडा जुन्या मांडीच्या हाडाला तंतोतंत बसला. गुहा तर खाणीने केव्हाच खाऊन टाकली होती.

१८९१ साली जावा बेटात डॉ. दुबॉइस यांना त्रिनिल येथे कवटी मिळाली. खणायला सरकारने दिलेले सुमारे ५० कैदी होते. दुबॉइस यांचे नाव प्रत्येक पुस्तकात आहे. ज्याच्या कुदळीखाली ती कवटी आली, त्या कैद्याचे नाव पाठ्यपुस्तकात कोठे दिसत नाही.

पण असेही एक उदाहरण आहे की जे आपण गिरवावे. जर्मनीतच माउएर गावी वाळूची खाण होती. हायडेलबर्गचे शूटेनझाक यांनी खाणमालकाला आणि मजुरांना अनेक वर्षे सांगून ठेवले होते की, हाड दिसले तर हात थांबवा आणि मला कळवा. सुमारे वीस वर्षे त्यांनी वाट पाहिली. २१ ऑक्टोबर १९०७ रोजी डॅनिएल हार्टमान नावाच्या वाळूमजुराच्या फावड्यावर एक जबडा आला. आज आपल्याला आदम सापडला, असे तो त्या संध्याकाळी गुत्त्यात म्हणाला अशी आख्यायिका आहे. तो जबडा सुमारे ६ लाख वर्षांपूर्वीचा निघाला, आणि हायडेलबर्ग मानव ही जातच त्यावरून ठरली. हार्टमानचे नाव आज त्या जबड्याबरोबर घेतले जाते. आणि केनियातले कामोया किमेऊ? लहानपणी गुरे-शेळ्या राखणारा मुलगा, शाळा जेमतेम सहा वर्षांची. लीकी दांपत्याकडे खणणारा मजूर म्हणून लागला. १९८४ साली तुर्काना सरोवराजवळ त्यांनीच पंधरा लाख वर्षांपूर्वीच्या एका मुलाच्या सांगाड्याचा पहिला तुकडा ओळखला. २०२२ साली ते वारले तेव्हा जगाने त्यांना मजूर म्हणून नव्हे, शोधक म्हणून आठवले. नजर विद्यापीठातच मिळते असे नाही. पण नजर असणाऱ्याला आधी कोणी तरी विश्वासाने सांगावे लागते.

आता आपल्या नद्यांकडे पाहा. ज्या दरडीला मी दप्तर म्हटले, ती आज ब्रासच्या भावाने विकली जाते. वरची मोकळी वाळू पुराबरोबर थोडीफार परत येईल. परंतु खालची चुन्याने बांधलेली खडी लाखो वर्षांपूर्वीची आहे. ती दर पावसाळ्याला नवी येत नाही. पूर्वी माणूस टोपल्याने वाळू काढी, तेव्हा निदान हाताला वजन कळे, डोळ्याला आकार दिसे. आता पोकलेनचा जबडा एका घासात जे उचलतो ते कोणाच्याच नजरेखालून जात नाही. रात्रीच्या अंधारात उपसा होतो तेव्हा तर विचारायलाच नको. कोण जाणे, हथनोऱ्याच्या कवटीचा उरलेला अर्धा भाऊबंद आज कोणाच्या तरी स्लॅबमध्ये बसलेला असेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. विहिरीवर, वाळूवर, वीटभट्टीच्या मातीवर, रस्त्याच्या पुलाच्या पायावर काम करणाऱ्या प्रत्येकाला दोन गोष्टी दाखवून ठेवाव्यात. एक, दगड झालेले हाड: दिसायला हाड, पण हाताला दगडाइतके जड. दुसरी, हातकुऱ्हाड: बदामाच्या आकाराचा, दोन्ही अंगांनी टवके काढलेला दगड. असे काही दिसले तर तो थर फोडू नये, वस्तू धुऊ नये. शेजारी टिकाव ठेवून मोबाईलवर छायाचित्र घ्यावे, किती खोलीवर आणि कोणत्या थरात होते ते लिहून ठेवावे, आणि गावातल्या शिक्षकाला किंवा महाविद्यालयातल्या भूगोलाच्या प्राध्यापकाला कळवावे. वस्तू जागची हलली की तिची निम्मी साक्ष नाहीशी होते. आणि हाडे शोधायला म्हणून कोणीही दरड पोखरू नये. दरड कोसळून माणसे जातात, आणि लाख वर्षांच्या कवटीपेक्षा जिवंत माणसाची कवटी मोलाची आहे.

यावर आमचा मजूर मला विचारील, आणि योग्यच विचारील: "दादा, हाड सापडले म्हणून सांगितले की काम थांबणार, काम थांबले की हजेरी बुडणार. मग मी कशाला तोंड उघडू?" या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय पुराणवस्तूंविषयीचे सगळे उपदेश फुकट आहेत. उत्तर असे हवे: शोध कळवणाऱ्याची त्या दिवसांची मजुरी बुडता कामा नये, ती ठेक्याच्या कागदातच लिहिलेली असावी, आणि वस्तू संग्रहालयात गेली तर तिच्या चिठ्ठीवर शोधणाऱ्याचे नाव असावे. ही दोन कलमे ठेक्यात घालायला फार मोठा खर्च नाही. मी संघटनेतर्फे ही मागणी करणार आहे. आपण नागरिकांनी, शिक्षकांनी आणि लोकप्रतिनिधींनी तिला हात लावावा. औंढ्याजवळ दुधाळ्याच्या माळावर आकाशातल्या लहरी टिपणारी मोठी प्रयोगशाळा उभी राहावी म्हणून सरकारने २०२३ साली २६०० कोटी रुपये मंजूर केले. कोट्यवधी वर्षांपूर्वीची कुजबुज ऐकायला आपला जिल्हा तयार होतो आहे, याचा मला अभिमान आहे. मग पायाखालची साक्ष ऐकायला चार दिवसांची हजेरी आपल्याला जड का व्हावी?

शेवटी एक हाड सांगतो आणि संपवतो. जॉर्जिया देशात द्मानिसी येथे सुमारे पावणेअठरा लाख वर्षांपूर्वीची एक कवटी मिळाली. ती एका म्हाताऱ्याची आहे. एक सोडून त्याचे सगळे दात गेलेले, आणि दातांच्या जागा हाडाने भरून आलेल्या. म्हणजे दात गेल्यावरही तो काही वर्षे जगला. ज्या काळात कच्चे मांस आणि कंदमुळे हेच अन्न, त्या काळात बिनदाताचा म्हातारा एकट्याने जगला असेल काय? पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे की त्याला इतरांनी सांभाळले, मऊ घास दिला. इतर काही जण म्हणतात की तो दगडाने ठेचून खात असेल. मी माझे मत सांगतो: ठेचायला दगड धरावा लागतो, आणि तो दगड कोणी तरी हाती दिला असेल. त्या कवटीवर जात लिहिलेली नाही, धर्म नाही, मालक-मजूर असा शिक्का नाही. आपण सगळे त्या घराण्यातले आहोत. ही वंशावळ आपल्या नदीच्या दरडीत पुढे लिहिलेली आहे. ती वाचली जाण्यापूर्वी ट्रकमधून जाऊ नये, एवढीच विनंती.